विमान चुकलं? टॅक्स तरी परत मागा!

जालन्यात प्रवासी विमानतळ नाही. पण कॉलेजच्या ग्रुपवर दर महिन्याला कुणी ना कुणी फ्लाइटच्या ‘सेल’ची लिंक टाकतंच. ‘चिकलठाणा काय लांब आहे का, आपल्या जालना रोडवरच तर आहे’ हे त्याखालचं ठरलेलं वाक्य. मग लिंक उघडायची, तिकिटाचा आकडा बघून खूश व्हायचं आणि पेमेंटच्या पानावर पोहोचेपर्यंत तोच आकडा फुगलेला बघायचा. मधल्या या फुगवट्याला आपण सरसकट ‘टॅक्स’ म्हणतो आणि पुढे जातो. पुण्या-मुंबईला, दिल्लीला इंटरव्ह्यूसाठी किंवा प्रवेश परीक्षेसाठी जाणारी मुलं आता आपल्याकडेही आहेत. त्यामुळे हा ‘टॅक्स’ नक्की कुणाच्या खिशात जातो, हे एकदा बघायला हवं. विशेषतः त्यातला काही भाग परत मिळू शकतो म्हणून!

आधी खरा टॅक्स, म्हणजे जीएसटी. इकॉनॉमी तिकिटावर तो ५ टक्के. बिझनेस क्लासवर १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. (आपल्याला त्याची चिंता करायची वेळ अजून आलेली नाही.) ईशान्येकडच्या राज्यांत जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या इकॉनॉमी प्रवासावर जीएसटी नाही.

दुसरं असतं सुरक्षा शुल्क, तिकिटावर एएसएफ नावाने छापलेलं. एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवासाला ते २०० रुपये आहे आणि परदेशी प्रवासाला १२ डॉलर. तिकिटावर मात्र २३६ रुपये दिसतात, कारण त्या २०० रुपयांवर परत १८ टक्के जीएसटी. तिसरं यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापर शुल्क. हे सरकारच्या तिजोरीत जात नाही, विमानतळ चालवणाऱ्याला मिळतं. पण मोठ्या विमानतळांचा दर एरा ही सरकारी नियामक संस्था ठरवते, आणि त्यावरही १८ टक्के जीएसटी लागतोच.

आता जरा गणित करू. मुंबईहून छत्रपती संभाजीनगरला यायचंय आणि मूळ भाडं समजा २००० रुपये आहे. त्यावर जीएसटी १०० रुपये. मुंबई विमानतळावरून देशांतर्गत प्रवासाला निघणाऱ्याचं यूडीएफ मे २०२५ च्या दरानुसार १७५ रुपये, जीएसटी धरून २०६ रुपये ५० पैसे. सुरक्षेचे २३६. एकूण ५४२ रुपये ५० पैसे, म्हणजे भाड्याच्या साधारण २७ टक्के! आता हेच तिकीट शेवटच्या क्षणी ६००० रुपयांना काढणाऱ्या एखाद्या साहेबांचं बघा. त्यांना जीएसटी ३०० रुपये, बाकीचं सगळं तेवढंच. ७४२ रुपये ५० पैसे, साडेबारा टक्केसुद्धा नाही.

इथेच खरी गोम आहे. जीएसटी भाड्याच्या प्रमाणात वाढतो, शुल्क मात्र सगळ्यांना सारखं. त्यामुळे दोन महिने आधी, सेलमध्ये, रात्री बारा वाजता जागून स्वस्त तिकीट काढणाऱ्या स्टुडंटवर या शुल्काचा भार जास्त पडतो. सरकारच्या कुठल्या कागदावर हे असं लिहिलेलं नसतं, पण पेमेंटच्या पानावर स्पष्ट दिसतं.

नवी मुंबईच्या विमानतळाचं तर विचारूच नका. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून प्रवासी विमानं उडायला लागली. सुरुवातीच्या काळासाठी तिथे निघणाऱ्या देशांतर्गत प्रवाशाला मंजूर झालेलं यूडीएफ होतं ६२० रुपये. मुंबईच्या साडेतीन पट! वरचंच २००० रुपयांचं तिकीट तिथून निघालं असं धरलं, तर सगळं मिळून १०६७ रुपये ६० पैसे वरचे. निम्म्याहून जास्त. नवीन विमानतळ बांधायला पैसा लागतो आणि तो वापरणाऱ्याकडून घ्यायचा, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण पनवेलहून ट्रेन किंवा समृद्धीवरून बस पकडण्याआधी दोन्हीकडची एकूण रक्कम बघा, नुसतं भाडं नको.

काही टॅक्स तर तिकिटावर दिसतही नाहीत. विमानाचं इंधन, म्हणजे एटीएफ, अजून जीएसटीमध्ये नाही. त्यावर केंद्राची ११ टक्के एक्साइज आणि वर राज्याचा व्हॅट. आपल्या राज्याने २०२३ च्या बजेटमध्ये मुंबई, पुणे आणि रायगडमधला व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. बाकीच्या जिल्ह्यांत तो आधीपासूनच बराच कमी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली, तेव्हा एटीएफ जीएसटीत घ्यायला राज्यं तयार झाली नाहीत. साहजिक आहे, हक्काचं उत्पन्न कोण सोडणार? कंपन्या तो खर्च भाड्यातच धरतात.

एक छोटी रक्कम मात्र आपल्याच नावाने कापली जाते. मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून ‘उडान’ योजनेसाठी पैसे घेतले जातात आणि कंपन्या ते ‘रिजनल कनेक्टिव्हिटी’ म्हणून तिकिटात लावतात. लहान शहरांची विमानं परवडावीत, म्हणून ही सोय. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ची पहिली विमानं निघाली, त्यात आपल्या शेजारचं नांदेड–हैदराबाद होतं! पुढे ती कंपनी थांबली आणि नांदेडकर काही काळ पुन्हा रेल्वेच्या भरवशावर आले. दिल्लीला जाणारा जालन्याचा मुलगा ही वर्गणी भरतो आणि ट्रेन किंवा टॅक्सी करून दुसऱ्या जिल्ह्यातला विमानतळ गाठतो.

तुलना करायचीच तर देवगिरी एक्स्प्रेसच्या स्लीपर तिकिटावर जीएसटी शून्य. वंदे भारतला एसी म्हणून ५ टक्के. आणि लालपरीला कमी समजू नका, एसटीच्या भाड्यात राज्याचा साडेसतरा टक्के प्रवासी कर दडलेला असतो.

परदेशात शिकायला जाणाऱ्यांना तर तिकडचं सरकारही सोडत नाही. लंडनहून भारतात येताना ब्रिटनची एअर पॅसेंजर ड्यूटी लागते, २०२५-२६ साठी इकॉनॉमीला ९० पौंड. दिवाळीला घरी येऊन परत जायचं तिकीट महाग का, याचं एक उत्तर हे.

आता परत मिळणाऱ्या पैशांविषयी. माझ्या वर्गातल्या एका मित्राची सकाळची फ्लाइट चुकली. ज्याच्याकडून तिकीट काढलं होतं तो एजंट म्हणाला, ‘नॉन-रिफंडेबल आहे भाऊ, गेले पैसे.’ मित्राने मान हलवली आणि बसने घरी आला. आपल्यापैकी बहुतेकांनी हेच केलं असतं.

पण नियम वेगळा आहे. डीजीसीए, म्हणजे देशाच्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं महासंचालनालय, सांगतं की तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा प्रवासी पोहोचलाच नाही, तरी वैधानिक कर, यूडीएफ आणि सुरक्षेचे पैसे परत द्यायलाच हवेत. सेलचं, प्रोमोचं, मूळ भाडं परत न मिळणारं तिकीट असलं तरीही. लॉजिक सोपं आहे. तुम्ही विमानतळ वापरला नाही, तुमची बॅग तपासली गेली नाही, मग त्याचे पैसे कंपनी कशी ठेवणार? वरच्या उदाहरणात यूडीएफ आणि सुरक्षा मिळून ४४२ रुपये ५० पैसे होतात. नवी मुंबईचं असतं, तर ९६७ रुपये ६० पैसे. मेसचे पैसे घरून मागवणाऱ्याला हा आकडा लहान नाही. आणि विमानात रिकाम्या जाणाऱ्या अशा किती सीट्सचे पैसे कुणी मागतच नसेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मात्र ‘फीज अँड टॅक्सेस’ या एका ओळीखाली सगळंच परत मिळणारं नसतं. वेबसाइटची कन्व्हिनियन्स फी हा टॅक्स नाही, ती गेली समजा. सीट निवडायचे पैसेही कंपनीचेच. म्हणून बुकिंग झालं की रकमेची पूर्ण फोड दाखवणारं पान उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा. फ्लाइट चुकली, तर कंपनीच्या वेबसाइटवर रिफंडचा किंवा ‘नो शो’चा फॉर्म शोधा, पीएनआर टाका आणि ‘यूडीएफ आणि एएसएफचा परतावा हवा’ असं स्पष्ट लिहा. एजंटकडून तिकीट काढलं असेल तरी परतावा देण्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते, त्यामुळे एजंटच्या ‘गेले पैसे’वर थांबू नका. कंपनीने दाद दिली नाही, तर सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार करता येते. मित्राने परवा कॅन्टीनमध्ये बसून फॉर्म भरलाय. चहा कोण पाजणार, हे रिफंड आल्यावर ठरेल.