परत बोलावलेली मोटार आणि पदरचा खर्च

नायगाव तालुक्यातील आमच्या एका सभासदाने मंडळाच्या कचेरीत येऊन दोन कागद आमच्यापुढे ठेवले. पहिला कागद गॅरेजच्या बिलाचा. त्यात मोटारीचा इंधन-पंप बदलल्याबद्दल २१,४०० रुपये घेतल्याची नोंद होती. दुसरा कागद गाडी बनविणाऱ्या कारखान्याचा. अमुक काळात बनलेल्या गाड्यांचा इंधन-पंप सदोष निघण्याचा संभव असून तो विनामूल्य बदलून देण्यात येईल, तरी जवळच्या विक्रेत्याकडे गाडी आणावी, असा त्यातील मजकूर होता. बिल ज्येष्ठातले होते आणि पत्र दिवाळीनंतर आले. ऐन पेरणीच्या तोंडावर, बियाणे घेऊन येताना, देगलूर मार्गावर गाडी बंद पडली. हमीची मुदत सरलेली होती. म्हणून बिचाऱ्याने पदरचे पैसे मोजले. २०२४-२५ च्या हंगामातील सोयाबीनच्या ४,८९२ रुपये आधारभूत दराने हिशेब केला, तर ही रक्कम सव्वाचार क्विंटलांहून अधिक सोयाबीनची होते. ‘जे काम कारखाना आता फुकट करून देतो, त्याचे माझे गेलेले पैसे कोण देणार?’ असा त्यांचा सरळ प्रश्न होता. विक्रेत्याने ‘पत्रात तसे काही लिहिलेले नाही’ एवढे सांगून त्यांस वाटेस लाविले होते.

विक्रेता खोटे बोलला नाही. पत्रात खरोखरच तसे काही नव्हते. परंतु पत्रात नाही म्हणून हक्कही नाही, असे मात्र समजू नये.

कारखान्याने आपल्या गाड्या दोषनिवारणार्थ माघारी बोलाविणे, ज्यास व्यवहारात ‘रिकॉल’ म्हणतात, हे आपल्या देशात आता नवलाचे राहिलेले नाही. मोटार बनविणाऱ्यांच्या संघाने २०१२ साली याविषयी ऐच्छिक नियम केले. मारुती सुझुकीने सप्टेंबर २०२१ मध्ये १,८१,७५४ गाड्या विजेच्या एका भागाच्या तपासणीसाठी, आणि जानेवारी २०२३ मध्ये १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या नियंत्रक भागासाठी परत बोलाविल्या. दुसऱ्या प्रसंगी ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ एवढ्या थोड्या दिवसांत बनलेल्या गाड्यांचाच प्रश्न होता. यावरून वाचकांच्या ध्यानी येईल की, गाडीचे नाव एक असून भागत नाही. ती केव्हा बनली हे पाहावे लागते, आणि ते चासी क्रमांकावरून कळते. शेजाऱ्याच्या गाडीस पत्र आले म्हणून आपल्याही गाडीस येईलच असे नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम नव्याने घालण्यात आले. गाडीतील दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर लोक किंवा पर्यावरण यांस अपाय होण्याचा संभव असेल, तर त्या जातीच्या गाड्या परत बोलाविण्याची आज्ञा केंद्र सरकार या कलमान्वये कारखान्यास देऊ शकते. मग कारखान्याने गाडीची पूर्ण किंमत परत द्यावी, अथवा तशीच किंवा त्याहून चांगली गाडी द्यावी, अथवा दुरुस्ती करून द्यावी, आणि शिवाय दंड भरावा. दोष कारखान्याच्या स्वतःच्याच ध्यानी येऊन त्याने सरकारास कळविले व आपण होऊन बोलावणे केले, तर दंड माफ. याचे तपशीलवार नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले असून ते सात वर्षांच्या आतील गाड्यांस लागू आहेत. परंतु बोलावण्यापूर्वीच मालकाने स्वखर्चाने तो भाग बदलून घेतला असेल तर त्या रकमेचे काय, याविषयी हे कलम मूक आहे.

अमेरिकेत हा प्रश्न असा अधांतरी ठेवलेला नाही. फायरस्टोन टायरांच्या अपघातांनंतर तेथे २००० साली जो कायदा झाला, त्याखालील नियमाप्रमाणे प्रत्येक कारखान्यास पूर्वी झालेल्या खर्चाच्या परतफेडीची योजना ठेवावीच लागते. मालकाने पावती व गाडीचा तपशील जोडून मागणी केली म्हणजे साठ दिवसांच्या आत पैसे पाठवावे, नाहीतर नकाराचे कारण लेखी कळवावे, असा तेथील दंडक आहे. दुरुस्ती कारखान्याच्याच विक्रेत्याकडे केलेली असली पाहिजे, असा आग्रहही तेथे नाही. आपल्याकडे असा नियम होणे आमच्या मते अगत्याचे आहे. पण तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही.

आपला मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातून जातो. या कायद्यात दोषयुक्त उत्पादनाच्या जबाबदारीचे एक वेगळे प्रकरण आहे, आणि पुष्कळ लोक त्याचाच आधार घ्यावयास धावतात. येथे सावध असावे. त्या प्रकरणातील ‘हानी’ या शब्दाच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूस झालेले नुकसान वगळलेले आहे. पंपामुळे अपघात होऊन कोणी जायबंदी झाला, तर ते प्रकरण उपयोगी. पंपाच्या किमतीसाठी नव्हे. तेव्हा मागणी ‘मालातील दोष’ या साध्या मुद्द्यावर उभी करावी.

गाडीवर शेतमालाची ने-आण होते म्हणून ‘तुम्ही ग्राहकच नव्हे, व्यापारी आहात’ असा आक्षेप येण्याचा संभव आहे. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू कायदा वगळतो हे खरे; पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो ती वापरतो त्यास वगळीत नाही.

आता पुराव्याची गोष्ट. आमच्या लोकांचे दावे बुडतात ते बहुधा येथेच. कारखान्याच्या पत्राने दोषाचा संभव त्याच्याच तोंडून लेखी कबूल झाला, हे मोठे बळ आहे. परंतु आपल्या गाडीचा पंप त्याच दोषाने गेला, हे आपणांस दाखवावे लागते. मिस्त्रीने चिठोऱ्यावर ‘इंजिन काम – एकूण’ असे लिहून खाली आकडा मांडला असेल, तर त्या कागदावरून काय सिद्ध होणार? बिलावर गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक, किती किलोमीटर चालली तो आकडा, बदललेल्या भागाचे नाव, भागाची किंमत व मजुरी वेगवेगळी, एवढे असलेच पाहिजे. गाडी काय तक्रारीने आणली तेही जॉब कार्डावर लिहवून घ्यावे. ‘चालता चालता बंद पडते’ हे चार शब्द पुढे फार कामास येतात. आणि काढलेला जुना भाग गॅरेजात सोडून येऊ नये. तो आपल्या पैशाने बदललेला, आपल्या मालकीचा असतो. पिशवीत घालून, तारीख लिहून, घरी माळ्यावर ठेवावा.

मागणीचे पत्र विक्रेत्यास नव्हे, तर कारखान्याच्या ग्राहक विभागास लिहावे आणि विक्रेत्यास नक्कल द्यावी. बिल, जॉब कार्ड, बोलावण्याचे पत्र आणि नोंदणीचा कागद यांच्या नकला जोडाव्या. मूळ कागद हातचे सोडू नयेत. रक्कम स्पष्ट लिहावी, तीस दिवसांत उत्तर मागावे, आणि पत्र पोचल्याचा पुरावा राहील अशा रीतीने टपालाने धाडावे. ‘आमचा पंप तर बदलून झाला, मग कशास जावे’ म्हणून बोलावण्याकडे दुर्लक्ष करणेही बरे नव्हे. नवा बसविलेला पंप निर्दोष आहे की नाही, हे तपासून लेखी घ्यावे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांस आणखी एक सूचना. कारखान्याचे पत्र नोंदीतल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. गाडी हैदराबादेहून वा पुण्याहून आणली आणि नाव पालटले नाही, तर ते पत्र तिकडेच कोणाच्या तरी टेबलावर पडून राहते. यासाठी नाव वेळीच चढवून घ्यावे.

नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात देता येते, म्हणून नायगावकरांस नांदेडपलीकडे जाण्याची गरज नाही. शुल्क दुरुस्तीच्या रकमेवर नसून गाडीच्या दिलेल्या किमतीवर असते: पाच लाखांपर्यंत काही नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये. वकील द्यावाच असेही नाही.

मुदत मात्र दोन वर्षांची आहे. ती बिलाच्या दिवसापासून मोजावी की दोष कळविणारे पत्र आले त्या दिवसापासून, यावर कारखाना व मालक यांचा वाद जुंपू शकतो. उशिरास सबळ कारण असल्यास तो माफ करण्याचा अधिकार आयोगास आहे. तरी आपण बिलाचाच दिवस धरून चालावे हे उत्तम.

आमच्या सभासदाचे बिल सुदैवाने नीट होते. जुना पंप मात्र गॅरेजातच राहिला होता. मिस्त्रीने मागच्या अंगणातील भंगाराच्या ढिगात शोधाशोध केली, तेव्हा तो सापडला. वरचा क्रमांक अजून वाचता येतो. मागणीचे पत्र मंडळाच्या कचेरीतच लिहून गेल्या सोमवारी रवाना केले आहे. उत्तर आल्यावर ते वाचकांस कळवू.