गोठे, जुने अमेरिकन
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागात अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत लहान शेतकऱ्यांनी बांधलेले लाकडी गोठे. गुरांचा निवारा, वैरणीची साठवण व मळणी ही तिन्ही कामे त्यांत बहुधा एकाच छपराखाली होत. अशा गोठ्यांचे मूळ आराखडे किंवा बांधकामाच्या नोंदी सहसा मिळत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्ष वास्तू हाच मुख्य पुरावा ठरतो. वर्गीकरण करताना प्रथम आराखडा व दाराची जागा, नंतर लाकडी सांगाडा आणि शेवटी फळ्या, खिळे इ. सहज बदलता येणारे भाग तपासणे इष्ट असते.

प्रमुख प्रकार : (१) इंग्लिश गोठा तीन खणांचा व साधारणतः ९ × १२ मी. असतो. त्याचे दार वळचणीकडील लांब भिंतीत असून मधल्या खणात मळणीची जागा, एका बाजूस गुरे व दुसऱ्या बाजूस वैरण असे. (२) डच गोठा मुख्यतः न्यूयॉर्क व न्यू जर्सी या राज्यांत आढळतो. त्याचे दार आखूड, त्रिकोणी माथ्याच्या भिंतीत असते. दोन खांब व त्यांना जोडणारी जाड तुळई यांची इंग्रजी ‘एच्’ अक्षरासारखी चौकट आणि खांबांतून आरपार बाहेर आलेली तुळईची टोके ही त्याची खास लक्षणे होत. (३) पेनसिल्व्हेनियन गोठा उतारावर बांधतात. वरच्या मजल्यावर चढाच्या बाजूने गाडी नेता येते. खाली गुरे असतात व उताराच्या बाजूस वरचा मजला पुढे आलेला असतो. (४) न्यू इंग्लंड गोठा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचारात आला. त्याचे दार आखूड भिंतीत असून गाडीची वाट आढ्याला समांतर जाते. त्यामुळे जास्त खण जोडून गोठा लांबवता येई.

कालनिर्णय : लाकडावरील सरळ, समांतर ओरखडे वरखाली चालणाऱ्या करवतीचे, तर कमानदार ओरखडे नंतर रूढ झालेल्या वर्तुळाकार करवतीचे असतात. लोहाराने घडविलेले खिळे बहुधा १८०० पूर्वीचे, यंत्राने कापलेले चौकोनी खिळे एकोणिसाव्या शतकातील व तारेचे गोल खिळे सु. १८९० नंतर सर्रास वापरात आलेले होत. तथापि केवळ खिळ्यांवरून काळ ठरविल्यास चूक होण्याचा संभव असतो. कारण ते दुरुस्तीच्या वेळीही ठोकलेले असू शकतात. ज्यांचा सध्याच्या बांधणीत उपयोग नाही अशी रिकामी भोके खांबावर असल्यास ते लाकूड दुसऱ्या वास्तूतून आणलेले असण्याची शक्यता असते.

गुरांच्या वास्तव्याच्या खुणा स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात. अंग घासून गुळगुळीत झालेले खांब, कुरतडलेल्या गव्हाणी, ठेंगणे छत व शेणमुताची नाली या त्यांपैकी काही होत. विसाव्या शतकात दुधाच्या स्वच्छतेसाठी अनेक ठिकाणी काँक्रीटची जमीन केल्याने जुन्या खुणा झाकल्या गेल्या.

१९६६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही स्थापन झाली. तीत समावेश होण्यास वास्तूचे वय व मूळ स्वरूपाची अखंडता या बाबी महत्त्वाच्या असतात. बाह्य फळ्या नव्या दिसल्याने जुना सांगाडा दुर्लक्षित राहिला, तर गोठा पाडला जाऊन त्याची लाकडे विकली जातात व त्या परिसराच्या शेतीजीवनाचा एकमेव पुरावाही नष्ट होऊ शकतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी सांगाड्याचे मोजमाप व छायाचित्रण करणे आवश्यक ठरते.