माप खोटे आहे, माणूस नव्हे!

सोनाराच्या मापात बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे भरले तर तोळा कमी पडला. सोने मोजण्याचे हे माप आमच्या गावगाड्याने माणसाला लावले. एकाच जातीतल्या आईबापांच्या लग्नातून जन्मलेले लेकरू 'बारमाशी', म्हणजे पूर्ण भरलेले. आणि लग्नाबाहेर, जातीबाहेरच्या संबंधातून जन्मलेले 'अक्करमाशी', म्हणजे एक मासा कमी! शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले. त्यांची आई महार, बाप लिंगायत पाटील. गावात शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापला आणि मराठी वाचकाला पहिल्यांदाच विचार करावा लागला, की कमी नेमके कोणात आहे? त्या मुलात, की मापात?

आमच्या भाषेत असे शब्द थोडे नाहीत. 'कडू', 'लेकवळा', 'दासीपुत्र' हे सगळे शब्द मुलाला. 'रखेली', 'ठेवलेली' हे शब्द आईला. आता बापासाठी एखादी शिवी शोधून पाहा! सापडत नाही. तो पाटीलच राहतो, देशमुखच राहतो. त्याचा वाडा बाटत नाही, त्याची पंगत उठत नाही. ज्याच्या हातात सत्ता होती त्याच्यासाठी शिवी तयारच झाली नाही आणि ज्या दोघांना काही विचारलेच गेले नव्हते त्यांच्या कपाळावर ती गोंदली गेली. शब्दकोश हासुद्धा सत्तेचा सातबारा असतो, हे आम्ही विसरता कामा नये.

या शब्दांचे मूळ 'वर्णसंकर' या कल्पनेत आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात त्याची मोठी यादी आहे. वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालच्या वर्णाची स्त्री असेल तर अनुलोम. खालचा पुरुष आणि वरची स्त्री असेल तर प्रतिलोम. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची संतती म्हणजे चांडाळ, सर्वांत नीच! परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथात या प्रकाराला एक स्वतंत्र कोडे वाहिले आणि त्याला सरळ मनूचे वेड म्हटले. कोणत्या संबंधातून कोणती जात निर्माण झाली याबद्दल खुद्द स्मृतिकारांचेच एकमत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. मागध, वैदेह, आंध्र, आभीर अशी देशांची आणि जनसमूहांची नावे उचलून त्या साऱ्यांना संकराची संतती ठरवण्यात आले. अख्ख्या समूहाला अनौरस ठरवले की त्याला दाबून ठेवणे सोपे जाते, एवढेच या शास्त्रामागचे शास्त्र आहे.

आणि हे शास्त्र पोथीत राहिले असे कोणी समजू नये. सोनई (तालुका नेवासा) येथे जानेवारी २०१३ मध्ये मेहतर समाजातील तीन तरुणांचा निर्घृण खून झाला. कारण एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम होते. आमच्या बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी १७ वर्षांच्या दलित शाळकरी मुलाला मारून झाडाला लटकवण्यात आले. सवर्ण मुलीशी बोलला, हा त्याचा गुन्हा सांगितला गेला. साक्षीदार फुटले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. आणि बीड शहरात १९ डिसेंबर २०१८ रोजी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्याच्या पत्नीच्या डोळ्यांदेखत दिवसाढवळ्या कापण्यात आले. मुलीच्या घरच्यांच्या मर्जीविरुद्ध केलेले लग्न, हे त्यामागचे कारण पुढे आले.

अनुलोम चालते, प्रतिलोमाला कोयता! पाटलाचा पोरगा रात्री वस्तीत येतो तेव्हा गाव झोपलेले असते. वस्तीतल्या पोराने दिवसा पाटलाच्या पोरीकडे पाहिले की गाव जागे होते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या आणि 'सैराट'मधले आर्ची-परशा महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, त्यांच्या गाण्यांवर लग्नाच्या वरातीत नाच झाले. पण चित्रपट संपल्यावर प्रेक्षक जातीच्याच घरी परतला.

बीड जिल्ह्यात याची दुसरीही एक बाजू आहे. दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूरमधून बैलगाड्या आणि ट्रक भरून ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघतात. वयात आलेली पोरगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने तिचे लग्न लवकर उरकले जाते. धास्ती अत्याचाराची असते, तशीच पोरगी 'कोणाचा तरी हात धरून जाईल' याचीही असते. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात सांगितले होते, की जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा प्राण आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही तो प्राण टिकवण्याची साधने. शंभरावर वर्षे लोटली. सती गेली, पण बालविवाह आमच्या जिल्ह्यात अजून जातीची राखण करतो आहे!

हा रोग फक्त आमचाच आहे काय? नाही. अमेरिकेतील व्हर्जिनियात १६६२ साली कायदा झाला, की मूल आईच्या स्थितीवर जाईल. म्हणजे गोऱ्या मालकापासून गुलाम स्त्रीला झालेले मूल गुलामच! बापाला मूलही मिळाले आणि फुकटचा मजूरही. त्याच राज्याने १९२४ साली गोऱ्यांचे रक्त 'शुद्ध' ठेवण्यासाठी कायदा केला. १९५८ साली रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या गोऱ्या-काळ्या जोडप्याने लग्न केले म्हणून त्यांना रात्री झोपेतून उठवून अटक झाली. देवानेच वेगवेगळे वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, असे तिथल्या न्यायाधीशाने लिहिले. पुरुषसूक्त वाचलेल्या माणसाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल! अखेर १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असे सगळे कायदे रद्द ठरवले.

इंग्रजांनी इथे गोरा बाप आणि हिंदी आई यांच्या मुलांना 'हाफ-कास्ट' म्हटले. वंशाच्या भेदासाठी त्यांना जातीचाच शब्द सापडला! पुढे 'युरेशियन' आणि १९११ पासून सरकारी कागदावर 'अँग्लो-इंडियन'. आमच्या राज्यघटनेच्या कलम ३६६ (२) मध्ये त्याची व्याख्या आहे : बाप किंवा बापाकडचा पुरुष पूर्वज युरोपियन वंशाचा हवा. आई युरोपियन असली तर मूल त्या व्याख्येत बसत नाही. कोकणातल्या बेने इस्रायलांतही 'गोरे' आणि 'काळे' असे दोन थर होते. बाहेरच्या बाईपासून झालेले ते काळे. देश बदलला, धर्म बदलला, पण वजनकाटा तोच!

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जात म्हणजे वंश नव्हे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये हे ठणकावून सांगितले. जाती पडल्या त्या आधीच इथले वंश एकमेकांत मिसळून गेलेले होते. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशभेद दाखवता येत नाही. मग 'संकर' कशाचा? संकर व्हायला आधी दोन वेगळे वाण लागतात. आमचा शेतकरी संकरित कापसाचे बियाणे रांग लावून विकत घेतो, संकरित गाईच्या दुधावर घर चालवतो आणि माणसाच्या पोराला मात्र 'हायब्रीड' म्हणून हिणवतो. कापसाचे वाण असतात. माणसाचे वाण नसतात.

अडीच हजार वर्षांपूर्वी हेच तथागत भगवान बुद्धांनी सांगितले. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्त आमच्या प्रत्येक विहारात वाचले गेले पाहिजे. भगवंत त्या तरुण ब्राह्मणाला विचारतात, घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, ते दोघांहून वेगळे दिसते. पण क्षत्रिय तरुण आणि ब्राह्मण कन्या यांचे मूल दोघांसारखेच दिसते ना? त्याला क्षत्रियही म्हणता येईल आणि ब्राह्मणही. पुढे आणखी एक प्रश्न येतो : तुमच्या आईची आई, तिची आई, अशा सात पिढ्या मागे फक्त ब्राह्मणाकडेच गेल्या होत्या, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? अस्सलायनाकडे उत्तर नव्हते. आजही कोणाकडे नाही. वासेट्ठ सुत्तात तर भगवंत म्हणतात, की गवत, झाडे, किडे, पशू यांच्यात जन्माने जाती वेगळ्या असतात. माणसामाणसांत भेद आहे तो फक्त नावाचा. नावाचा! म्हणजे शब्दाचा.

आता कायद्याकडे वळू, कारण आज शब्दाची ही लढाई तहसील कचेरीत आणि जातपडताळणी समितीपुढे चालते. वकिलीच्या निमित्ताने आम्ही हे रोज पाहतो. बाप सवर्ण, आई बौद्ध किंवा मातंग. बापाच्या घरच्यांनी सून नाकारली, बाप परत गेला किंवा मेला. पोर आजोळी वस्तीत वाढले. गावाने त्याला आईच्या जातीचे धरले. पाणी, शिवी, मार सगळे त्याच जातीचे मिळाले. पण ते जातीचा दाखला मागायला गेले की खिडकीतून प्रश्न येतो : बापाचा शाळेचा निर्गम उतारा आण, आजोबाचा पुरावा आण, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा! अपमानासाठी आई आणि सवलतीसाठी बाप, असा हा दुहेरी हिशेब आहे. २००१ पासून लागू असलेल्या राज्याच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ ने सिद्ध करण्याचा भार त्या पोरावरच टाकला आहे.

म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१२ चा रमेशभाई दाभाई नायका विरुद्ध गुजरात राज्य हा निकाल आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा. त्या खटल्यात बाप क्षत्रिय आणि आई आदिवासी होती. न्यायालयाने सांगितले, की मूल बापाच्या जातीचे, असे गृहीत धरले जाईल, पण ते गृहीतक अंतिम नाही. मूल आईच्या समाजात वाढले, त्या समाजाची वंचना आणि अवहेलना त्याने भोगली, आत-बाहेरच्या लोकांनी त्याला त्याच समाजाचे मानले, हे पुराव्याने सिद्ध करता येते. म्हणजे न्यायालयाने रक्त मोजले नाही, भोग मोजला. हाच योग्य काटा आहे. ज्याला बाप नाकारतो त्या मुलासाठी आईकडची वंशावळ, शाळेचा दाखला, शेजाऱ्यांची शपथपत्रे आणि गृहचौकशी यांचा आग्रह धरा. अर्ज तोंडी परत करू देऊ नका. नकार लेखी मागा, म्हणजे अपील करता येते.

सरकारचे दोन चेहरे आहेत. एक चेहरा आंतरजातीय विवाहाला ५० हजार रुपयांचे साहाय्य देतो. दुसरा चेहरा १३ डिसेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर नजर ठेवणारी समिती नेमतो. ओरड झाल्यावर 'आंतरजातीय' शब्द काढला गेला, 'आंतरधर्मीय' तसाच राहिला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस फलकावर लागते आणि ती पहिल्यांदा वाचतो तो मुलीचा भाऊ! सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लता सिंग खटल्यात आंतरजातीय विवाह राष्ट्रहिताचे ठरवले. २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात अशा जोडप्यांसाठी जिल्हा पातळीवर विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची व्यवस्था सांगितली. आपल्या जिल्ह्यातला कक्ष कुठे आहे, फोन कोण उचलतो, हे विचारणे आमचे काम आहे.

पण बोट फक्त समोर दाखवून भागणार नाही. १५ एप्रिल १९४८ रोजी खुद्द बाबासाहेबांनी सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्या माईसाहेबांना बाबासाहेबांच्या पश्चात चळवळीतल्याच काहींनी कोणत्या शब्दांनी दुखावले, हे जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. आजही आमच्या वधू-वर मेळाव्यात 'गोरी' मुलगी मागितली जाते. बौद्धाने मातंगाच्या घरी सोयरीक केली तर भावकी कुजबुजते. बाहेरून आलेल्या सुनेला वर्षानुवर्षे 'ती अमक्याची' म्हणून ओळखले जाते. जयभीम म्हणणाऱ्या घरात मनूचा वजनकाटा माळ्यावर ठेवलेला असेल तर तो खाली काढून मोडला पाहिजे.

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय जाहीर केला. दोन जातींच्या आईबापांचे मूल त्यात कुठे लिहायचे, हा प्रश्न दारोदार विचारला जाणार. त्या मुलाला अर्धे-पाऊण म्हणून नव्हे, पूर्ण नागरिक म्हणून उत्तर देता आले पाहिजे. ज्याने जातीचे चटके सोसले त्याला त्याचा हक्क मिळाला पाहिजे. आणि ज्याला जातच सांगायची नाही त्याला ती न सांगण्याचाही मान मिळाला पाहिजे.

तरुण मित्रांनो, प्रेम करणे हा गुन्हा नाही. गुन्हा करतो तो कोयता आणि त्याला धार लावतो तो शब्द. कोयत्याविरुद्ध आम्ही कोर्टात लढू. शब्दाविरुद्धची लढाई प्रत्येकाला आपल्या घरात, आपल्या ओट्यावर लढावी लागेल. यापुढे कोणी एखाद्या लेकराला 'अक्करमाशी' म्हणाला, तर त्याला एवढेच विचारा : बारावा मासा दाखव!

जयभीम! नमो बुद्धाय!