ऋतू बदलला की मुक्या सोबत्यांची काळजीही बदलते

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचा आदेश काढावा लागला. माणसे कूलरपुढे बसली. पण बाळापूरसारख्या गावात टिनाच्या शेडखाली साखळीने बांधलेल्या कुत्र्याला भर दुपारी हलून सावली शोधण्याचीही सोय नसते.

कुत्र्या-मांजरांना आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. कुत्रा धापा टाकतो, तोंडातला आणि श्वासमार्गातला ओलावा उडून जातो आणि त्याचे शरीर थंड होते. भोवतालची हवाच तापलेली असेल आणि प्यायला पाणी नसेल, तर ही व्यवस्था कोलमडते. कुत्र्याच्या शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या पुढे गेले की मेंदू, मूत्रपिंड आणि आतड्यांना इजा होऊ लागते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका अधिक.

न थांबणारी धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, तोल जाणे ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी बर्फ शोधत बसू नये. जनावराला सावलीत आणून अंगावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. बरे वाटू लागले तरी तपासणी टाळू नये. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर तीही धोक्याची खूण समजावी.

पावसाळा : गोचीड आणि घातक उपाय

पाऊस पडला की गोचीड वाढतात. त्यांच्या चाव्यातून होणाऱ्या गोचीड तापात कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. मात्र गोचिडांइतकाच धोका त्यांच्यावरच्या घरगुती इलाजाचा असतो. कपाशीवर फवारायचे औषध घरात असतेच, म्हणून तेच कुत्र्याच्या अंगाला चोळले जाते. ते कातडीतून आणि चाटण्यातून शरीरात जाते. लाळ गळते, थरथर सुटते, झटके येतात आणि जीवही जातो. फवारणीचा पंप आणि रिकामे डबेही जनावरांपासून दूर ठेवावेत.

मांजराबाबत तर दुप्पट सावध राहावे. कुत्र्यांच्या काही गोचीडनाशकांत परमेथ्रिन असते. ते मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही. तापावरची पॅरासिटामॉलही तशीच. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळले की लेप्टोस्पायरोसिस पसरतो. हा आजार माणसालाही होतो. कुत्र्यांसाठी त्यावर लस आहे.

दिवाळीपासून थंडीपर्यंत

फटाक्यांच्या दिवसांत कुत्र्या-मांजरांना आतल्या खोलीत, दारे-खिडक्या लावून ठेवावे. भेदरलेले जनावर पळून जाते आणि रस्त्यावर गाडीखाली सापडते. फराळातले बेदाणे, चॉकलेट आणि कांदा घातलेले उरलेसुरले अन्न कुत्र्याला देऊ नये. थंडीत मांजरे उबेसाठी गाडीच्या बॉनेटमध्ये शिरतात. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारली तरी एक जीव वाचतो.

रेबीजला ऋतू नाही

लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून वाचणे जवळजवळ अशक्य असते, पण लसीने तो टाळता येतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा टोचली. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. पिलाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस द्यावी आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरल्या तारखेला. घराबाहेर फिरणाऱ्या मांजरालाही ती हवीच. कुणाला चावा बसलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाळापूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. जवळच्या पशुवैद्यकाचा फोन नंबर आणि लसीकरणाचे कार्ड रेशन कार्डाशेजारीच ठेवावे, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध होत नाही.