मोटारीच्या पोटातली खडी

एप्रिल सरत आला की पहूर पेठ असो की पहूर कसबे, वाघूरकाठच्या विहिरींचं पाणी दिवसागणिक खाली जातं. मोटार मात्र दिवाळीत बसवलेल्या टप्प्यावरच असते. मग रात्रीची लाइट आली, बटण दाबलं की पोटात खडी फिरावी तसा ती आवाज करते आणि धार बारीक होते. ‘हवा घेतेय’ म्हणून जॉइंट आवळले जातात, पंखा बदलला जातो. महिन्याभरात पुन्हा तेच. शेतकऱ्याचा पैसा मोटारीवर जातो. दुखणं असतं सक्शनमध्ये.

मुळात पंप पाणी ओढत नाही. तो पंख्याच्या तोंडाशी दाब कमी करतो आणि विहिरीवरची हवा पाणी वर ढकलते. हवेचं हे बळ समुद्रसपाटीला १०.३ मीटर उंच पाण्याइतकं, पहूरला त्याहून थोडं कमी. त्यातून पाइपाचं घर्षण, फूटव्हॉल्व्ह आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की हाती जेमतेम ६ मीटर, म्हणजे २० फूट उरतात. पाणी त्याखाली गेलं की पंख्याच्या तोंडाशी दाब इतका उतरतो, की ३० अंशांचं पाणीसुद्धा तिथे उकळतं. वाफेचे बुडबुडे पात्यावरून पुढे सरकतात आणि दाब वाढताच क्षणात मिटतात. जहाजांचे पंखे अशाच बुडबुड्यांनी कुरतडले जात, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये याचं गणित मांडलं: मिटत्या बुडबुड्यापाशी दाब हवेच्या हजारोपट चढू शकतो. बिडाचं पातं त्यापुढे किती टिकणार?

जुना पंखा भंगारात टाकण्याआधी हातात घेऊन बघाच. वाळूने झिजलेलं पातं गुळगुळीत लागतं. बुडबुड्यांनी खाल्लेल्या पात्याला तोंडाजवळ बारीक, खरबरीत खड्डे असतात. बोट फिरवलं तर टोचतात.

असे खड्डे दिसले तर पाण्यामागे मोटार खाली उतरवा. सक्शनच्या पाइपात काटकसर नको: तेवढंच पाणी ३ इंचीऐवजी अडीच इंचीतून नेलं तर घर्षण जवळपास अडीचपट होतं. बेंड कमी ठेवा, फूटव्हॉल्व्हच्या जाळीतलं शेवाळ काढा. आवाज आलाच तर तात्पुरता डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळा, सक्शनचा कधीच नाही. आणि दर उन्हाळ्यात पाणी टप्प्याच्या फार खाली जात असेल, तर पाण्यातच बुडून चालणारी सबमर्सिबल घ्या.