चुकू द्या, पण वहीत लिहू द्या : हौशी रेडिओ केंद्र उभारताना होणारे शिक्षण



आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बरेच जण आजही 'ओझर मिग' म्हणतात. मिग विमाने बनवण्यासाठी १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना इथे आला आणि विमानाचा आवाज गावाच्या अंगवळणी पडला. त्यामुळे "वरचा पायलट खालच्या माणसाशी बोलतो कसा?" हा प्रश्न इथल्या मुलांना पडणारच. फळ्यावर लाटांची आकृती काढून उत्तर देता येते. पण मुलांनी स्वतःच्या हाताने रेडिओची अँटेना उभारली, तर ते उत्तर विसरले जात नाही. अट एकच : त्यांना चुकू द्यायचे.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन स्वतःचे रेडिओ केंद्र चालवणाऱ्या हौशी लोकांना 'हॅम' म्हणतात. त्यांना मोबाइलचा टॉवर लागत नाही की इंटरनेट लागत नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओसाठीच पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. नेहमीची दळणवळण यंत्रणा कोलमडली आणि त्यांच्या केंद्रावरून लोकांचे निरोप जाऊ लागले. अशा वेळी उपयोगी पडतो तो आपल्या केंद्रातला प्रत्येक जोड ओळखणारा माणूस. ही ओळख पुस्तकातून होत नाही.

काय बनवायचे?

सुरुवात 'डायपोल' अँटेनापासून करा. तांब्याच्या तारेचे दोन सारखे तुकडे, मधून खाली येणारी कोअॅक्स केबल, बांबू आणि नायलॉनची दोरी, बस्स. लांबीचे गणित आठवीच्या मुलालाही जमते. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ४२ मीटर येते. तिची निम्मी घ्या आणि त्यातून सुमारे ५ टक्के वजा करा. उत्तर २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटर तार.

मुले कुठे चुकतात आणि काय शिकतात?

*तार कापण्यात.* उत्तर आले की मुले लगेच कात्री चालवतात. गाठी बांधण्यात तार जाते आणि अँटेना आखूड पडते. म्हणून हुशार गट तार जास्त ठेवतो. समजा तार २०.९ मीटर आहे आणि मापकावर ती ६.८ मेगाहर्ट्झला जुळते. मग २०.९ गुणिले ६.८ भागिले ७.१, म्हणजे साधारण २०.०२ मीटर. प्रत्येक बाजूने ४४ सेंटिमीटर कमी करायचे. व्यस्त प्रमाणाचा धडा इथे आपोआप होतो. तार कापू नका, मागे दुमडून गुंडाळा. पुन्हा लांब करता येते.

*सोल्डर करण्यात.* वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा थर असतो. तो खरवडला नाही तर वरून जोड छान दिसतो, पण वीज जात नाही. जोड नीट तापला नाही तर 'ड्राय सोल्डर' होते : हलवले की चालू, सोडले की बंद. नुसते बघून भागत नाही, मल्टीमीटर लावावा लागतो, हे मुलांना तेव्हाच पटते.

*केबल सोलण्यात.* बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला चिकटला की शॉर्ट. अँटेना जोडण्याआधी मधली तार आणि जाळी यांच्यात मल्टीमीटर वाजता कामा नये.

*जागा निवडण्यात.* निफाड तालुक्यात द्राक्षाच्या मांडवाच्या तारा जागोजागी. अँटेना त्यांना लागून टांगली तर सगळे जुळवलेले माप बिघडते. गणित बरोबर असूनही उत्तर का चुकले, यावर वर्गात अर्धा तास चर्चा होऊ शकते.

*ऐकण्यात.* साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर हॅमचे बोलणे बदकाच्या आवाजासारखे ऐकू येते. मुले म्हणतात, "रेडिओ बिघडला." बिघडलेला नसतो. त्यांची बोलण्याची पद्धत वेगळी असते, तिला एसएसबी ऐकवणारा रेडिओ लागतो.

या चुका मात्र होऊ द्यायच्या नाहीत

विजेच्या तारांजवळ अँटेना नको. बांबू आडवा पडला तरी तारेला लागणार नाही इतके अंतर हवेच. ढग गडगडू लागले की केबल रेडिओपासून सोडवायची आणि घराबाहेर ठेवायची. सोल्डर करताना चष्मा घालायचा. परवान्याशिवाय प्रक्षेपण अजिबात नाही. विमानांच्या रेडिओची फ्रिक्वेन्सी वेगळी असते. ओझरला तर विमानतळ शेजारीच आहे, तिकडे खेळ नको. सगळे काम परवानाधारक हॅमच्या देखरेखीखाली करा.

आपले काम काय?

खरी अडचण मुलांची नसते, आपली असते. मूल अडले की पालकांना राहवत नाही. "दे इकडे, मी करतो," म्हणून आपण जोड लावून देतो. अँटेना चालू होते, पण मुलाचे शिकणे तिथेच थांबते. त्याऐवजी विचारा : "कुठपर्यंत बरोबर आहे, ते तपासलेस का?" आणि वहीत चार रकाने आखून द्या : काय केले, काय अपेक्षित होते, काय झाले, पुढे काय बदलू. विमानाच्या दुरुस्तीतही केलेल्या कामाची नोंद होते. कारखान्यात काम करणारे पालक ही गोष्ट वर्गात येऊन आपल्यापेक्षा छान समजावू शकतात. गुण द्यायचेच असतील तर या वहीला द्या, चाललेल्या अँटेनाला नको. नाहीतर मुले चुका लपवायला शिकतील.

वय १२ पूर्ण झाले की मूल हौशी रेडिओच्या परीक्षेला बसू शकते. प्राथमिक स्तराच्या परवान्याला मोर्स कोड लागत नाही. परीक्षेत रेडिओचे विज्ञान आणि नियम विचारतात. ही वही भरलेल्या मुलाला त्यातले बरेचसे विज्ञान आधीच भेटलेले असेल.

या सत्रात एक डायपोल करून बघा. पहिल्या दिवशी चालला नाही, तर पाठ चांगला चालला आहे असे समजा.