अमेरिकेत मेडिकलला पुन्हा अर्ज करताना निबंध कसा सुधारावा

अमेरिकेतील बहुतेक एम.डी. कॉलेजांचे अर्ज एएमसीएएस या एकाच सेवेतून जातात. डॉक्टर का व्हायचं आहे, हे सांगणाऱ्या निबंधाला तिथे स्पेस धरून ५,३०० कॅरॅक्टरची मर्यादा असते.

मागचा अर्ज कॉलेजकडे असू शकतो. जुनाच मजकूर पुन्हा पाठवला, तर मधल्या काळात काहीच घडलं नाही असा अर्थ निघतो.

🔹 आधी नकाराचं कारण शोधावं. एमसीएटी या प्रवेश परीक्षेतले कमी गुण किंवा उशिरा केलेला अर्ज ही उणीव निबंधाने भरून निघत नाही.

🔹 प्रेरणा खरी असेल तर तिचा गाभा राहू द्यावा. प्रसंग आणि मांडणी मात्र नवी हवी.

🔹 स्क्राइब (डॉक्टरांसाठी नोंदी लिहिणारा), ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) किंवा हॉस्पिसमधला स्वयंसेवक म्हणून केलेल्या कामांची यादी देऊ नये. एखाद-दुसरा प्रसंग घेऊन त्यातून समज कशी बदलली ते लिहावं. रुग्णाची ओळख उघड होऊ देऊ नये.

🔹 नकाराची कैफियत मांडण्यात जागा घालवू नये. मागच्या अर्जानंतर काय बदललं, हे अनेक कॉलेजं सेकंडरी अर्जात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पुढच्या अर्जात, वेगळं विचारतात.

अर्ज सबमिट झाल्यावर निबंध बदलता येत नाही, म्हणून शेवटचं वाचन त्याआधीच, शक्यतो दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं.